तडवीभाऊंची कबुली

खोलीत खुर्च्या पुरेशा होत्या, तरी तडवीभाऊ बसायला तयार नव्हते. गळ्यातला मफलर काढून हातात गुंडाळत ते दाराजवळच उभे राहिले.

"बसा ना," सरकारी वकील अत्तरदे म्हणाले. "ही साक्ष नाही, बैठक आहे. बैठकीला माणसानं बसावं."

तडवीभाऊंनी आईकडे पाहिलं.

"बसा," आई म्हणाली.

मग ते बसले. खुर्चीच्या अगदी कडेला, तिकीट न काढता एसटीत बसलेल्या माणसासारखे.

तालुक्याच्या कोर्टात न्यायाधीशांच्या चेंबरला लागून ही खोली होती. एरवी तिथे जुनी दप्तरं ठेवत असावेत. लाल कापडात बांधलेले गठ्ठे भिंतीशी रचलेले होते आणि टेबलावरची धूळ कुणीतरी घाईघाईत अर्धीच पुसली होती. जानेवारी होता. खिडकीतून केळीचे वेफर तळल्याचा वास येत होता. टेबलाच्या एका बाजूला आई आणि मी, समोर तडवीभाऊ आणि त्यांचे तरुण वकील सपकाळे, मधे अत्तरदे. ज्यांनी तपास केला ते जमादार खिडकीपाशी बसून बाहेर बघत होते. आपलं काम केव्हाच संपलंय असा त्यांचा चेहरा होता.

समोरच्या या माणसाच्या हातून माझे वडील गेले, असं पोलिसांच्या कागदांत लिहिलं होतं. आणि तडवीभाऊ स्वतःही तेच म्हणत होते.

आप्पा, म्हणजे वासुदेव झांबरे, वीज कंपनीत वायरमन. दलशेर तडवी सबस्टेशनवर ऑपरेटर. सातपुड्याच्या पायथ्याच्या चार गावांचा उजेड या दोघांच्या हातात असायचा. आप्पा खांबावर, तडवीभाऊ बटनापाशी. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी आप्पा खांबावर असताना लाइन चालू झाली. पुढचं मी लिहिणार नाही. मी तेव्हा जळगावला कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होते. निरोप आला तेव्हा परत आलेली पुस्तकं जागेवर लावत होते, आणि निरोप ऐकल्यावरही हातातली पुस्तकं संपेपर्यंत मी ती लावत राहिले, एवढंच मला आठवतं.

"तर बाई," अत्तरदे आईकडे वळले, "मागच्या तारखेला सांगितलंय, तरी पुन्हा सांगतो. यांनी स्वतःहून अर्ज दिलाय. गुन्हा कबूल आहे, खटला चालवू नका. कायद्यात तशी सोय आता झालीय, प्ली बार्गेनिंग म्हणतात तिला. न्यायाधीश बाईंनी यांना एकट्याला आत बोलावून विचारलंही, कुणाचा दबाव आहे का म्हणून. नाही म्हणाले. आता आपण सगळ्यांनी बसून ठरवायचं. शिक्षा थोडी कमी, तुम्हाला भरपाई, आणि प्रकरण आजच्या आज बंद. पण तुमची सही लागते. तुमची सही नसेल तर नेहमीसारखा खटला."

"किती वरसं चालते खटला?" आईने विचारलं.

"आता काय सांगू? माझ्या केसांचा रंग खटल्यांनीच गेलाय."

आई हसली नाही. हातातली पिशवी तिने मांडीवर नीट ठेवली.

येताना एसटीत मी तिला सगळं समजावून सांगितलं होतं. या कायद्यावर जे मिळालं ते मी ग्रंथालयात बसून वाचलं होतं. त्यातली एक गोष्ट मला खटकत होती. कबुली मान्य झाली की साक्षीदार नाहीत, उलटतपासणी नाही, कुणी कुणाला काही विचारत नाही. निकालावर अपीलही नाही. आई खिडकीबाहेर बघत ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजे त्याईले काहीच सांगावं नई लागनार?"

"नाही."

"मंग मी सही नई करनार."

तिला पैसे नको होते. तडवीभाऊ तुरुंगात सडावेत असंही तिला वाटत नव्हतं. एकच गोष्ट हवी होती तिला, आणि ती का हवी होती हे कळायला वायरमन लोकांची रीत माहीत असायला पाहिजे.

नियम असा आहे की खांबावर चढण्याआधी वायरमनने सबस्टेशनवरून परमिट घ्यायचं. ऑपरेटर लाइन बंद करतो आणि कागदावर सही करून देतो. काम संपलं की वायरमनने तोच कागद हाताने परत नेऊन द्यायचा, आणि तो हातात पडल्याशिवाय ऑपरेटरने लाइन सोडायची नाही, म्हणजे वीज पुन्हा चालू करायची नाही. नियम पुस्तकात आहे. पण सबस्टेशन एका टोकाला, गावं दुसऱ्या टोकाला, आणि तारा तर रोज कुठे ना कुठे तुटणार. कागद नेऊन देईपर्यंत केळीला पाणी मिळत नाही म्हणून लोक अंगावर येतात. म्हणून आमच्या भागात सगळं फोनवर चालायचं. फोनवर बंद, फोनवर चालू. कागद महिनाअखेरीला एकदम भरून ठेवायचे. हे इंजिनिअर साहेबांना माहीत होतं, त्यांच्या साहेबांनाही माहीत होतं.

आईला हे पाठ होतं. म्हणून 'परमिट परत न घेता लाइन चालू केली' या पोलिसांच्या वाक्याने तिचं समाधान होत नव्हतं. ती म्हणायची, परमिट कोणीच परत देत नाही. पण फोन आल्याबिगर तडवी बटनाला हात लावत नाही. मग त्या संध्याकाळी फोन कोणाचा गेला?

गावाकडे उत्तर तयार होतं. लक्ष्मणनाना चौधरी. केळीचे सगळ्यात मोठे बागाईतदार. लाइन गेली की ते थेट सबस्टेशनला फोन लावून शिव्या घालायचे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आप्पा ज्या खांबावर गेले तो नानांच्याच शेताच्या बांधाला होता. नानांनी दम दिला आणि तडवीनं घाबरून लाइन सोडली. आता नानांचं नाव येऊ नये म्हणून तो सगळं स्वतःवर घेतोय. आईचा यावर पूर्ण विश्वास होता. माझाही होता. आप्पांचा मोबाइल त्यांच्याबरोबरच जळाला होता, आणि आरोपी कबूल म्हणतोय म्हटल्यावर पोलिसांनी पुढे खणलं नव्हतं.

"मले पैशे नई पाह्यजे," आई आता अत्तरद्यांना म्हणाली. "शिक्षा कमी करा, जास्त करा, मी बोलनार नई. यायले एक गोष्ट इचारायची हाये. ती सांगतली त सही करते."

"विचारा की."

आई तडवीभाऊंकडे वळली. "फोन कोनाचा व्हता?"

मफलर त्यांच्या हातात फिरत राहिला.

"माझी चूक व्हती वहिनी."

"ते दोन वरसं झाले ऐकू राह्यली मी. तेराव्यानंतर तुमच्या अंगणात आली व्हती, तेव्हाबी तेच. जमादारासमोर तेच. फोन कोनाचा व्हता?"

"चूक माझी व्हती."

"कोनाले वाचवू राह्यले तुमी?"

तडवीभाऊंनी मान वर केली. खोलीत आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी आईकडे सरळ पाहिलं, आणि लगेच नजर खाली घेतली. आमच्या घरी या माणसाने इतके वेळा चहा घेतला होता की आई त्यांचा कप वेगळा काढून ठेवायची, जाड कानाचा, कारण त्यांच्या बोटांत बारीक कान मावत नसे. तोच माणूस आता समोर बसून तिच्या प्रश्नाला उत्तर देत नव्हता.

आईने समोरचा कागद हळूच अत्तरद्यांकडे सरकवला.

"चालू द्या खटला. पिंजऱ्यात उभं करून इचारा यायले."

मला बरं वाटलं. अभिमानच वाटला म्हणा ना.

आणि गंमत अशी की त्यांच्याच वकिलांनाही बरं वाटलेलं दिसलं. सपकाळे खुर्चीत पुढे सरकले. "उत्तम. बाई, मी तुमचा आभारी आहे. पहिल्या दिवसापासून मी याला सांगतोय की लढ, तू सुटशील. शिक्षा झाली तर कंपनी याला घरी बसवणार. पेन्शनचीही खात्री नाही. ऐकतो कुठे? वकील मी आणि हट्ट याचा."

"सपकाळे," अत्तरदे म्हणाले, "तुमच्या अशिलापेक्षा तुम्हालाच तुरुंगाची भीती जास्त."

"तसं समजा. पण खटला चालला तर मी काय करीन सांगू? त्या दिवशी जोडीला असलेला दुसरा वायरमन, बाविस्कर, त्याला उभा करीन. खांबाखाली होता तो, आणि याच्याच सांगण्यावरून आजवर गप्प आहे. त्यानं सगळं ऐकलंय. त्याला एवढंच विचारीन की..."

"वकीलसाहेब."

तडवीभाऊ उठत होते. दोन्ही हात गुडघ्यांवर दाबत, आधी कमरेत वाकून, मग हळूहळू सरळ. त्यांना उठायला नेहमीच असा वेळ लागायचा.

"तू बस. मी तुझा वकील आहे."

"म्हनूनच सांगू राह्यलो. तुमाले मी नेमलं. आता काढतो."

"काढ बाबा. मला तरी झोप लागेल."

जमादार हसले. अत्तरदेही खोकल्यासारखं हसले. मी हसले नाही. माझ्या मनात हिशेब पक्का होत होता. सुटण्याची संधी असलेला माणूस आपण होऊन तुरुंगात जायला निघालाय, म्हणजे नानांनी त्याच्या घरच्यांची कायमची सोय केली असणार. मी आईच्या कानाशी तसं कुजबुजणार होते.

पण आई सपकाळ्यांकडे बघत होती. मग भिंतीकडे. मग बराच वेळ टेबलावरच्या त्या अर्धवट पुसलेल्या धुळीकडे. तिचा चेहरा मला वाचता येईना.

"बाविस्कर खांबाखाली व्हता," ती म्हणाली. "त्यानं ऐकलं."

मग ती तडवीभाऊंकडे वळली.

"तडवीभाऊ," आईचा आवाज एकदम खाली आला, जेवायला वाढताना विचारावं तसा. "फोन उज्जूच्या आप्पांचाच व्हता ना? खांबावरूनच केला ना त्याईनं?"

तडवीभाऊ उभेच होते.

"बोला," अत्तरदे म्हणाले. त्यांच्या आवाजातली थट्टा गेली होती. "या खोलीत बोललेलं याच खोलीत राहतं. कायदाच तसा आहे. उद्या खटला झाला तरी हे कुणाला वापरता येणार नाही."

"वहिनी, नका इचारू."

"मले म्हाईत हाये ते. मीच विसरून राह्यली व्हती." आई माझ्याकडे वळली. जणू त्या खोलीत तिला फक्त मलाच काही समजावून सांगायचं होतं. "तुझे आप्पा हासत हासत सांगायचे. म्हनत, मी वरूनच तडवीले फोन लावतो, सोड म्हनून. तो खुर्चीवरून उठते, कंबर सरळ करते, पॅनलपाशी जाते, तवर मी उतरून बिडी पेटवतो. उतरून मंग फोन केला त उगाच टाइम जाते, लोकं बोंबलतात." ती थांबली. "मीबी हासली व्हती."

तडवीभाऊ खाली बसले. यावेळी ते खुर्चीत पूर्ण बसले.

"बारा वरसं झाले तसंच चालू व्हतं आमचं," ते म्हणाले. "त्याले माझा टाइम म्हाईत व्हता, मले त्याचा. कधी चुकलं नई. त्या दिवशी..." त्यांनी मफलर तोंडावरून फिरवला. "त्या दिवशी मी खुर्चीवर नव्हतो वहिनी. रीडिंग घ्याची व्हती. पॅनलपाशीच उभा व्हतो. खिशातला फोन वाजला, तो म्हने सोड. मी सोडली. हात तिथंच व्हता माझा."

खिडकीतून कढईत काहीतरी सोडल्याचा चर्र आवाज आला.

"मले एवढंच म्हनायचं व्हतं की वासू, थांब, मी जवळच हाये. एवढंच. नई म्हनलो."

सपकाळे हलक्या आवाजात म्हणाले, "हेच मी कोर्टात मांडणार होतो. मृताने स्वतः, खांबावर असताना, लाइन चालू करायला सांगितलं. याच्यावर काही उरत नाही."

"अन् त्याच्यावर?" तडवीभाऊ म्हणाले. "त्याच्यावर काय उरते? ऑफिसात त्याचा फोटो लावलाय, ड्यूटीवर मेला म्हनून. दरसाली हार घालतात. तुमी कोर्टात हे बोलले की पेपरात येईल, वायरमनच्या स्वतःच्या चुकीनं. कंपनीले तेच पाह्यजे. फोटो काढतील. मंग ह्या पोरीनं अन् वहिनीनं काय सांगायचं लोकायले, आमचा मानूस शॉर्टकट मारू मारू मेला म्हनून? मी जिवंत हाये. मले ऐकून घेता येते. त्याले येत नई."

तडवीभाऊ कोणाला वाचवत होते, ते आता खोलीतल्या सगळ्यांना कळलं होतं. लक्ष्मणनानांनी त्या संध्याकाळी फोन केलाच नव्हता. दोन वर्षं आम्ही त्यांच्या गाडीचा आवाज आला तरी दार लावून घेत होतो.

पण मला ते तसं स्वीकारता येईना. मी पुस्तकं वाचणारी मुलगी होते. जे झालं ते झालं तसंच लिहिलं जावं, असं मला वाटत होतं.

"आई, सही करू नकोस," मी म्हणाले. "हे निर्दोष आहेत."

"नई बेटा," तडवीभाऊ लगेच म्हणाले. लहानपणापासून ते मला असंच म्हणायचे. "निर्दोष नई. कागद हातात आल्याबिगर लाइन सोडायची नई. पहिल्या दिवशी शिकवतात ते. मी सोडली."

"पण सगळेच सोडतात."

"सगळ्यायच्या हातून मानूस नई मेला."

अत्तरद्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. सपकाळे आईपुढे वाकले. मला वाटतं, त्या माणसाने आयुष्यात आपल्या अशिलाच्या विरुद्ध पहिल्यांदाच कुणाची विनवणी केली असेल. "बाई, तुमची मुलगी बरोबर बोलतेय. तुम्ही फक्त नाही म्हणा. बाकी माझ्यावर सोडा. या माणसाची नोकरी वाचेल. तुमच्या मिस्टरांबद्दल मी जपून बोलेन, शब्द देतो."

कागद अजून अत्तरद्यांच्या समोरच पडला होता. आईने तो मागितला नाही. तिने तडवीभाऊंनाच विचारलं.

"सुटले त काय करसान?"

"ड्यूटीवर जाईन."

"त्याच पॅनलपाशी?"

"तेच हाये. दुसरं कुठं हाये?" त्यांचे हात आता मांडीवर नुसते पडले होते, मफलर खाली घसरला होता. "आता सस्पेंड हाये तर बरं हाये वहिनी. सुटलो त पुन्हा फोन वाजेल, कोनी पोरगा म्हनेल, तडवीकाका, सोडा. मले सोडावी लागेल. माझ्याच्यानं नई व्हनार. काहीतरी देऊ द्या मले. काही नई दिलं त मी कसा राहू?"

आई त्यांच्याकडे बघत होती. तिच्या मनात काय चाललं होतं ते मी आज थोडंफार सांगू शकते. एका बाजूला आप्पांचा फोटो होता आणि दुसऱ्या बाजूला या माणसाची नोकरी. पण ती त्यातलं काहीच तोलत नव्हती; समोरच्या माणसाने काय मागितलं, तेवढंच ती ऐकत होती. खरं काय घडलं ते कोर्टात चारचौघांत बोललं जावं यासाठी ती दोन वर्षं झगडली होती. आता ते तिच्या हातात होतं. तिने नाही म्हटलं असतं तर ते कोर्टात बोललं गेलं असतं.

तिने हात पुढे केला. "द्या."

"आई."

"उज्जू, चूप बस."

अत्तरद्यांनी कागद दिला. त्यावर टाइप केलेलं होतंच, फक्त सह्यांच्या जागा मोकळ्या होत्या. आईने तो डोळ्यांजवळ धरून ओळ न् ओळ वाचला. सातवी शिकलेली होती ती, पण वाचल्याशिवाय कुठे सही करत नसे.

"इथं लिहिलंय, उभय पक्षांचे समाधान झाले."

"तसाच शब्द आहे बाई कायद्यात. बदलता येत नाही."

"राहू द्या मंग."

तिने सही केली. इंदुमती वासुदेव झांबरे, पूर्ण नाव, एकेक अक्षर सुटं. मग तडवीभाऊंनी सही केली, अत्तरद्यांनी केली, जमादारांनी केली. सपकाळ्यांनी पेन टेबलावर दोनदा आपटून शेवटी केली. भरपाईची रक्कम आईने लिहू दिली नाही. कायद्याला काहीतरी लिहावं लागतं म्हणून अत्तरद्यांनी 'मागणी नाही' असं लिहिलं.

दुपारी न्यायाधीश बाईंनी प्रकरण पुकारलं. वयाने त्या माझ्याएवढ्याच असतील. कागद वाचून झाल्यावर त्यांनी सपकाळ्यांना विचारलं. ते उभे राहिले आणि म्हणाले, आरोपीचं वय आणि आजवरची नोकरी पाहता त्याला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडावं. न्यायाधीश बाईंनी थोडा वेळ विचार केला. म्हणाल्या, एक माणूस गेलेला आहे. मग त्यांनी आईकडे पाहिलं.

"तुम्हाला काही सांगायचं आहे का?"

कोर्टात पंखा बंद होता. टाइपरायटरवाल्याची बोटं थांबली होती. आई उभी राहिली. ज्या जागी उभं राहून तडवीभाऊंनी तोंड उघडावं असं तिला दोन वर्षं वाटत होतं, त्या पिंजऱ्याकडे तिने पाहिलं. तडवीभाऊ तिथे हात मागे बांधून उभे होते. ते तिच्याकडे बघत नव्हते. त्यांची भीती मला मागच्या बाकावरून दिसत होती. शिक्षेची नव्हे, आईच्या बोलण्याची.

"नाही साहेब," आई म्हणाली. "काही नाही."

गावाकडची बोली तिने तेवढ्यापुरती बाजूला ठेवली होती.

कायद्यात जेवढी शिक्षा होती तिचा चौथा हिस्सा त्यांना झाला. दोन पोलीस त्यांना बाहेर व्हरांड्यात घेऊन आले. गाडी यायची होती. तिथे पाण्याच्या माठापाशी एक बाक होतं, त्यावर त्यांना बसवलं. सपकाळे लांब उभे राहून कुणाला तरी फोन करत होते, बहुधा तडवीभाऊंच्या मुलाला.

मी आईला म्हणाले, "चल, बस निघून जाईल." मला तिथे थांबवत नव्हतं. मला तिचा राग आला होता, आणि आपल्याला नेमका कशाचा राग आला आहे ते कळत नव्हतं. पुढे ती असेपर्यंत मी तिला त्या सहीबद्दल विचारलं नाही आणि ती बोलली नाही. ऑफिसमध्ये दर वर्षी आप्पांच्या फोटोला हार घातला जायचा. आई तिथे जायची, मागच्या खुर्चीवर बसायची आणि पेढा न खाता घरी यायची. गेल्या श्रावणात ती गेली. तिचं कपाट आवरताना मला तिची माया जिथे तिथे हाताला लागत राहिली, पण त्या दिवसाबद्दल एक शब्दही कुठे सापडला नाही. जे आहे ते मला आठवतं तेवढंच.

तर त्या दिवशी आई बसकडे वळली नाही. ती बाकापाशी गेली. पोलिसाने तिला अडवलं नाही.

"तडवीभाऊ, एक इचारू? आता तर झालं सगळं."

त्यांनी मान हलवली.

"सोड, एवढंच म्हनले ते? बाकी काहीच नई?"

तडवीभाऊ माठाकडे बघत राहिले. मला वाटलं, यावेळीही ते नाही म्हणतील. माझी चूक होती म्हणतील.

"घाईत व्हता," ते म्हणाले. "म्हने, तडव्या, सोड लाइन, अन् ड्यूटी झाली की घरी ये जेवाले. वरन-बट्टी हाये. उशीर केला त तुझ्या वाट्याच्या बट्ट्या मी खाईन."

आईने पदराचं टोक हातात घेतलं, पण डोळ्यांना लावलं नाही.

"मीच सांगतलं व्हतं त्याईले," ती म्हणाली. "तुमाले बोलवा म्हनून."

गाडी आली. पोलीस म्हणाला, चला. तडवीभाऊ गुडघ्यांवर हात टेकून उठू लागले, आणि ते पूर्ण उभे राहीपर्यंत आई थांबली.

"सुटून आले की या मंग," ती म्हणाली. "बोलावनं हाये ते."